होडीचा वाटा

मी एक जुनी होडी आहे. मला चार पाय आहेत, माझ्या अंगावर पुस्तकं ठेवतात, म्हणून नवीन आलेली पोरं मला टेबल म्हणतात. म्हणोत बापडी. माझं एक टोक अजून निमुळतं आहे आणि त्या टोकाला दोन्ही अंगांनी एकेक डोळा रंगवलेला आहे. मित्रांनो, टेबलाला डोळे असलेले तुम्ही कुठे पाहिलेत का? नाही ना? मग हसू नका. नीट बसा आणि ऐका.

माझा जन्म बाळकुमच्या खाडीकाठचा, चिंचेच्या सावलीतला. वसईकडून सुतार आणला होता. सागाच्या लांब फळ्या, फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस, वरून राळ. असं अंग की थेंबभर पाणी आत येईल तर शपथ. मला पाण्यात सोडलं तेव्हा हळद लावली, कुंकू लावलं, नारळ वाढवला. त्याच वर्षी माझ्या मालकाची, दाजींची नवी नवरी म्हणून मनुबाई घरात आली. आमच्या दोघींची हळद एकाच सालातली. तिची चार दिवसांत उतरली. मला मात्र दर नारळी पुनवेला नव्यानं लागते, हे मी तिला कधी विसरू दिलं नाही.

खाडी तेव्हा कशी होती ते कसं सांगू? पहाटे पाण्यावर धुकं असायचं, इतकं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. दाजी वल्ह्याला हात लावायचे आणि मी निघायचे, पाण्यावरून की ढगावरून कोण जाणे. तिवरांच्या झाडीतून बगळे उठायचे. बोई मासळी उड्या मारायची. जाळ्यात जिताड्यासारखा मोठा मासा आला तर दाजी काही बोलायचे नाहीत, नुसते माझ्या काठावर दोनदा थोपटायचे. ती थाप मला अजून आठवते. झोपेतसुद्धा.

किनाऱ्याला लागलं की दाजी वाळूत वाटे घालायचे. ही आमची रीत. जितकी माणसं होडीवर, तितके वाटे. एक वाटा जाळ्याचा. आणि एक वाटा माझा. होय, माझा! होडीचा वाटा. मी काही मासळी खात नाही, पण कामाला मी होते ना? मग मला वगळून कसं चालेल? माझ्या वाट्यातून माझं तेल यायचं, माझा कापूस, माझे खिळे. मी कुणाच्या उपकारावर तरंगले नाही, मित्रांनो. स्वतःचं कमावून तरंगले.

मग खाडीचं पाणी बदललं. आधी वास बदलला, नंतर रंग. बोई दिसेनाशी झाली. जाळं हलकं वर यायचं आणि दाजींचा चेहरा जड व्हायचा. शेवटी एके दिवशी त्यांनी मला ओढून चिंचेखाली ठेवलं. ओढून ठेवलेल्या होडीला वाटा नसतो, कारण ती कामावर नसते. हेही आमच्या रीतीतलंच. मला वाटलं, आजचा दिवस असेल. मग वाटलं, पावसाळ्यापुरतं असेल. मग माझ्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या आणि माझं वाटणं थांबलं. ऊन पडलं की फळ्या तडकायच्या, कुणी वळूनही बघायचं नाही. मनुबाई अंडी न्यायला यायची तेव्हा माझ्याकडे न बघता हात आत घालायची. तिला बघवत नसावं. तोंडानं तिखट असली तरी बाई मनानं तशी नव्हती.

असं चालू असताना गावात गुरुदत्त सर आले. उंच, काडीसारखे, बोलताना दोन्ही हात पाठीमागे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठेही बघा, पोरंपोरी बीए व्हायची, बीकॉम व्हायची, नोकरीला लागायची आणि पुढचं शिकायचं म्हटलं की अडायची. दूरच्या शहरात जावं तर नोकरी सुटते, न जावं तर शिक्षण सुटतं. म्हणून सरांनी तीन विद्यापीठांची दारं झिजवली आणि तिघांना एका छताखाली आणलं. वर्ग शनिवारी-रविवारी. पदवी ज्याच्या त्याच्या विद्यापीठाची, पण बसायची जागा एक. नाव ठेवलं संयुक्त पदव्युत्तर केंद्र. एवढं लांब नाव कोण घेणार? गावानं त्याला सेंटर म्हटलं.

जागा मिळाली ती आमच्या मच्छीमार सोसायटीचं रिकामं बर्फाचं गोदाम. मासळीच नाही तर बर्फ कशाला लागतो? एका विद्यापीठानं पंखे दिले. दुसऱ्यानं फळा दिला. तिसऱ्यानं कुलूप दिलं. टेबल कोणी द्यायचं यावर तिघांचं एकमेकांकडे बोट. तोवर एवढी शिकलेली माणसं गोणपाटावर बसून शिकत होती.

महिपत सुतार हे बघून दाजींकडे आला.

"दाजी, त्या होडीला तू कोंबड्यांचा पाळणा केलायस. सेंटरला दे. हिचं टेबल करतो. एका होडीत अख्खा वर्ग मावेल."

दाजींनी माझ्यातल्या कोंबड्या हुसकावल्या. मग म्हणाले, "देतो. पण पैसा नको. आणि हिच्याजवळ कोणी चपला घालून बसायचं नाय. होडीवर चपला घालून कोणी चढतं का? दर नारळी पुनवेला तेल लावायला आमच्या घरचं माणूस येईल. त्याला अडवायचं नाय."

महिपतनं मला गोदामात आणून उघडलं. करवत चालली तेव्हा काय झालं ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, नाळेला, म्हणजे माझ्या पुढच्या टोकाला, त्यानं करवत लावली नाही. डोळे तसेच ठेवले. मनुबाई मात्र दाजींशी बोलेना. "माझ्याबरोबर घरात आली ती," ती म्हणायची, "आणि तिला कापायला दिलीत? उद्या माझा पाट करा, बसायला बरा होईल!"

पण मित्रांनो, खरं सांगू का? मला आवडलं. माझ्याभोवती माणसं बसली. कल्याणच्या इस्पितळातली नर्स यायची, रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांत झोप आणि हातात अर्थशास्त्र. डोंबिवलीचा एक बँकेतला बाबा डब्यातलं थालीपीठ पुस्तकाखाली लपवून खायचा. चपला सगळ्यांच्या दारात. पंखा वर घरघरायचा, खिडकीतून खारा वारा यायचा, आणि सर जुन्या राजांच्या गोष्टी सांगायचे किंवा कुणी बाई कविता वाचायची. दुपारी खाडीला भरती आली की माझ्या फळ्यांना कळायचं. त्या किंचित फुगायच्या. मग मला वाटायचं, मी हलतेय. सगळे माझ्यात बसलेत, नर्स, बँकवाला, सर, सगळे, आणि मी त्यांना घेऊन हळूच निघालेय. भिंत नाही, गोदाम नाही, समोर नुसतं धुकं. कुणाला पुण्याच्या किनाऱ्याला लावायचं, कुणाला मुंबईच्या. भरती ओसरली की मी पुन्हा गोदामात. पण ते तेवढं पुरायचं.

फक्त तेल लावल्यावर पंधरा दिवस वर्गात माशाच्या तेलाचा वास राहायचा. सगळे नाकाला रुमाल लावून शिकायचे. मी मनात म्हणायचे, घ्या, थोडं खाडीचंही शिका.

पुढे दाजी गेले. तेलाचं काम मागे राहिलं. थोरला मुलगा गोमाजी कोलशेतला कारखान्यात, त्याला पाळ्या. धाकटा भगवान मनुबाईचा लाडका, दोन खेपांत बीकॉम झालेला, मागच्या खिशात कंगवा, दिवसभर कॅरम. त्याला तेलाच्या वासानं उलटी यायची. म्हणून ते काम आलं गोमाजीच्या बायकोकडे, सरस्वतीकडे. खडवलीची पोर, तिथल्या नदीकाठची. लग्नाआधी कल्याणला बीए झालेली, मराठी घेऊन. हे तिनं घरात कधी फारसं बोलून दाखवलं नाही, कारण घरात कुणी विचारलं नाही.

पुनवेला यायचं एकदा, पण ही अधूनमधून येऊ लागली. फडकं घेऊन यायची, माझ्या काठावरची धूळ पुसायची आणि पुसता पुसता वर्ग ऐकायची. एकच फळी तीन तीन वेळा पुसायची. मला कळत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? मी तिच्या हाताखालची फळी होते. कविता सुरू झाली की तिचा हात थांबायचा.

एकदा वर्ग सुटल्यावर तिनं धीर केला. "सर, एमेला मला बसता येईल?"

गुरुदत्त सर म्हणाले, "अगं, जागा भरल्या. एकतीस होत्या, तिघांनी दहा-दहा वाटून घेतल्या. एकतिसावी तेवढी उरलीय. पण ती तिघांची सामायिक आहे. म्हणजे कुणाचीच नाही. दर वर्षी ती कुणाची यावर भांडतात आणि भांडता भांडता ती रिकामी जाते."

सरस्वती घरी गेली आणि सासूला सगळं सांगून बसली. घरात काय घडलं ते मला तिनंच पुढे सांगितलं. तेल लावताना ती माझ्याशी बोलायची, जसे दाजी बोलायचे.

खाडीतली मासळी संपल्यापासून सासू-सून बाहेरची मासळी आणून बाजारात विकायच्या. मनुबाई म्हणाली, "एमे करून काय गो म्हावरा जास्त ताजा होणार हाय? बाजाराला गिऱ्हाईक डिगरी बघतं का डोळे बघतं? माशाचे!"

सरस्वतीनं विषय सोडला. पण मनुबाईनं सोडला नाही. एक जागा रिकामी आहे, एवढं तिच्या कानात राहिलं. दोन दिवस ती काहीतरी घोळवत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आपल्या भगवानला घेतील ना त्या जागेवर? होडी आपली. वाटा मागायला मी जाते. तू तेलाचा डबा घेऊन चल, पुनव जवळ आलीय, येताना तेही उरकून घे."

सरस्वती डबा उचलून मागे निघाली.

त्या दिवशी सेंटरात तिन्ही विद्यापीठांचे साहेब बसले होते. दोन पुरुष आणि एक बाई, कमळाबाई नावाच्या, मराठी शिकवणाऱ्या, सुती पातळातल्या. एकतिसाव्या जागेवरचं भांडण रंगात आलं होतं. दारात मनुबाई उभी राहिली. धुतलेलं लुगडं, खोचलेला पदर, मागे भगवान, त्याच्या मागे डबा घेतलेली सरस्वती.

"साहेब, पाय बाहेर काढा."

"काय?"

"बूट. होडीखाली बूट घालून बसलाव. काढा आणि दारात ठेवा. मग बोलू."

एवढी मोठी माणसं, पण मुकाट उठली. एका साहेबांच्या मोज्याला भोक होतं. अंगठा बाहेर डोकावत होता. मनुबाईनं तो पाहिला आणि मान वळवली, एवढी सभ्यता तिच्यात होती. मग ती पुढे आली आणि तिनं माझ्या नाळेवर हात ठेवला. मला कापल्यापासून पहिल्यांदा. माझ्या अंगातून भरती गेल्यासारखं झालं.

"मी वाटा मागायला आलेय," ती म्हणाली.

"कसला वाटा?" परशुराम शिपायानं मध्ये तोंड घातलं. "होडी दाजींनी फुकट दिली होती, मावशी."

"फुकट दिली ती होडी. वाटा नाय दिला. चिंचेखाली होती तवर मी मागितला का? नाय. कामावर नव्हती. आता शनवार-रयवार तुमचं वजन उचलते. कामावरच्या होडीला वाटा असतो. मासळीच्या धंद्यात मासळीचा. तुमच्या जाळ्यात काय येतं? जागा. मग एक जागा होडीची. नाय देत? मग होडी उचलते."

"ती दारातून कशी जाईल?" परशुराम म्हणाला. "महिपतनं आतच जोडलीय."

"दार माझ्या सासऱ्यानं बांधलंय. भिंतीसकट काढीन."

मोजेवाले साहेब हसू दाबत होते. कमळाबाई मात्र पुढे सरकून बसल्या. "मनुबाई, मला एक सांगा. होडीला वाटा मिळाला, पण होडी तो खाणार कशी?"

"ती कशाला खाईल? ती काय मांजर हाय?" मनुबाई ऐटीत आली. समजावून सांगायचं म्हटलं की तिला जोर चढायचा. "होडीचा वाटा होडी सांभाळतो त्याच्या हातात जातो. तेल लावतो, फटी बुजवतो, पुसतो, त्याच्या हातात. माझ्या आजेसासऱ्यापासून हेच हाय. त्यात कोणी बोट घालत नाय."

"बरं. मग आता हिला कोण सांभाळतं?"

मनुबाईनं मान वळवून मागे बघितलं.

मित्रांनो, आता बघा. सरस्वतीच्या हातात तेलाचा डबा. भगवाननं त्या डब्यापासून दोन पावलं लांब होऊन नाकाला रुमाल लावलेला. सगळ्यांच्या नजरा डब्यावर. मनुबाई 'भगवान' म्हणाली असती तर कोण खोटं ठरवणार होतं? पण तिचा हात माझ्या नाळेवर होता. आमच्यात नाळेवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. समुद्र ऐकतो म्हणतात. समुद्राचं मला माहीत नाही. मी ऐकत होते. मी म्हणत होते, बोल गं मने. आपण दोघी एका सालच्या. बोल.

तिनं हात काढला नाही. काढता आला असता. काटा घशातून बाहेर काढावा तसा तिनं शब्द काढला.

"सून. माझी सून."

"आये!" भगवान ओरडला.

"तू गप रे. तुला वास येतो ना?"

सरस्वतीनं डबा खाली ठेवला. कमळाबाईंनी विचारलं, "किती शिकलीस?"

"बीए, बाई. मराठी. कल्याणला."

"पण हे नियमात कुठे बसतं?" दुसरे साहेब म्हणाले.

गुरुदत्त सरांचे हात पहिल्यांदा पाठीमागून पुढे आले. "दर वर्षी भांडून जागा रिकामी ठेवणं कुठल्या नियमात बसतं, साहेब? तिघांपैकी कुणाचीच नाही ना ती? मग असू द्या होडीची."

मोजेवाले साहेब म्हणाले, "ठीक आहे. पण मग रीत पुरती पाळायची. तेल थांबलं की जागा थांबली."

"आमच्यात रीत अर्धी नसते," मनुबाई म्हणाली आणि तरातरा निघून गेली. दारातून एकदाच ओरडली, "तेल लावून ये गो! आणि सकाळच्या बाजाराला खाडा नाय चालणार, आधीच सांगते!"

सरस्वतीनं त्या दिवशी मला तेल लावलं ते मी विसरणार नाही. तेल कमी आणि डोळ्यांतलं पाणी जास्त. खारं होतं ते, खाडीच्या पाण्यासारखं.

वर्षभर ती माझ्या नाळेजवळ बसून शिकली. सकाळी बाजार, दुपारी वर्ग. हाताला मासळीचा वास यायचा म्हणून आधी लांब बसायची. मग नर्स तिच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "माझ्या हाताला डेटॉलचा येतो. बस जवळ." पहिलं वर्ष ती पास झाली. मनुबाई बाजारात बायकांना म्हणत फिरायची, "जागा कुणाची माहीत हाय का? आमच्या होडीची!" सुनेचं नाव घ्यायची नाही. पण घरी सगळ्यात चांगला मासा, सरंगा, सुनेच्याच ताटात पडायचा.

दुसऱ्या वर्षी सरस्वतीला दिवस गेले. श्रावणात ती बाळंतपणाला खडवलीला माहेरी गेली. आणि नारळी पुनव आली.

सकाळपासून पाऊस. किनाऱ्यावर ताशे वाजत होते, नव्यानं रंगवलेल्या होड्यांची रांग मला खिडकीतून दिसत होती. माझ्याकडे कुणी आलं नाही. परशुराम झाडू मारता मारता मला म्हणाला, "यंदा तेल नाय, बाई. साहेब विचारणार. पोरीची जागा गेली." तो तसा वाईट नव्हता. त्याचंही तोंड उतरलं होतं. मी दाराकडे डोळे लावून बसले. माझे डोळे तर मिटतच नाहीत. वाट बघत बघत फळ्या फुगल्या, भरती आली, धुकं आलं, त्या धुक्यातून कुणीतरी वल्हं मारत येतंय असं मला वाटलं.

आली ती मनुबाई. एकटी. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात तेलाचा डबा, पदर खोचलेला. तिनं वहाणा दारात काढल्या. परशुरामकडे बघितलंसुद्धा नाही. फडकं तेलात बुडवलं आणि मागच्या टोकापासून सुरुवात केली. म्हातारे हात, पण सराईत. एक फट सोडली नाही. जिथे करवतीची खूण आहे तिथे तिचा हात जरा जास्त वेळ थांबला.

नाळेशी पोचल्यावर ती वाकली आणि माझ्या डोळ्यात बघून म्हणाली, "हे तेल सरस्वतीचं हाय. तिच्या नावानं लावतेय, माझ्या नाय. घोळ घालू नकोस."

मग डोळ्याभोवतीचं तेल बोटानं पुसत म्हणाली, "पोरगी झाली खडवलीला. तुझ्यासारखीच टकटक बघते म्हणे."

आणि माझ्या काठावर दोनदा थोपटून निघून गेली. दाजींसारखं. ती थाप तिला कुठून माहीत होती?

मनुबाई आता नाही. सरस्वती एमे झाली आणि आता दर रविवारी माझ्या मागच्या टोकाशी उभी राहून तीच शिकवते. तिची लेक टकटक बघते ते खरंच आहे. सेंटरला आता चकचकीत टेबलं आली आहेत, लोखंडी पायांची, हलकी, एका हातानं उचलता येणारी. माझ्यावर कुणी चहाचे ग्लास ठेवतं, कुणी कर्कटकानं आपलं नाव कोरतं. एका शहाण्यानं माझ्या डाव्या डोळ्यावर वेळापत्रक चिकटवलं होतं. सरस्वतीनं त्याला ते नखानं काढायला लावलं. बरं केलं.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. ज्याच्यावर बसून तुम्ही शिकता, ज्याच्या सावलीत उभे राहता, ज्याच्या पाठीवरून पलीकडे जाता, त्याचा एक वाटा बाजूला काढून ठेवा. तेल असेल, पाणी असेल, नुसता पुसलेला हात असेल. कामावर आहे त्याला वाटा असतो. आणि माझ्याजवळ बसाल तेव्हा चपला दारात.

एकतिसावी जागा अजून होडीचीच आहे. सरस्वतीनंतर ती मला तेल लावणाऱ्या कोलशेतच्या एका रंगाऱ्याला मिळाली, मग बाळकुमच्याच दोघींना. यंदाची अजून रिकामी आहे. पुनव जवळ आली आहे, आणि तेलाचा डबा खिडकीत ठेवला आहे.